शेवटचा हात

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी क्षणभरही न थांबता कुसुमवहिनींचं नाव सांगतो. त्या माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. अशा वेळी आईवडिलांचं नाव आधी घ्यावं अशी रीत आहे, आणि आईबाबांनी मला काही कमी दिलं असंही नाही. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ती मला चढता आली ती वहिनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ मशीनपुढे उभ्या राहिल्या म्हणून. पुढे मी जन्मभर सरकारी शाळांमधून रसायनशास्त्र शिकवलं. वर्ग संपला की बोटांवर खडूची पांढरी भुकटी राहायची, आणि ती झटकताना मला वहिनींची बोटं आठवायची. त्यांची काळी असायची. साबणाने, रॉकेलने, कशानेही न निघणारा तो काळा रंग होता.

आमचं घर जबलपुरात रांझीला, फॅक्टरीच्या वस्तीला लागून. पुढे दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, मागे लहानसं अंगण आणि अंगणापलीकडे ती शेड. बाबा फॅक्टरीत टर्नर होते. लोखंडाची कांब लेथच्या चकात आवळायची, ती गरगर फिरवायची आणि तिला पोलादी टूल लावून हवा तो गोल आकार द्यायचा, हे त्यांचं जन्मभराचं काम. ते निवृत्त व्हायच्या सुमारास फॅक्टरीने जुनी मशीनं लिलावात काढली, तेव्हा ज्या लेथवर ते काम शिकले होते तेच त्यांनी घरी आणलं. सोबत एक शेपरही आणला. तो लोखंडाला रंधा मारावा तसा सपाट करतो. ही धुडं आत न्यायला शेडची एक भिंत पाडावी लागली आणि ती आत गेल्यावर पुन्हा बांधावी लागली. आई तेव्हा होती. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली होती, "लोकं सवत दारातून आणतात. यांनी भिंत पाडून आणली!" हे वाक्य आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं फिरत राहिलं. आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही.

माझ्या लहानपणाचा आवाज म्हणजे त्या दोन मशीनांचा आवाज. लेथचा चामडी पट्टा एका जागी टाके घालून जोडलेला होता, तो जोड चाकावरून गेला की टप् असा आवाज यायचा. टप्, टप्, टप्, असा दिवसभर. घरात घड्याळ होतं, पण त्याची टिकटिक मी कधी ऐकली नाही. शेपरची तऱ्हा वेगळी. त्याचा दांडा कापत पुढे जाताना सावकाश जातो आणि रिकामा परत येताना झटकन येतो. दादा म्हणायचा, "हा शेपर म्हणजे पक्का फॅक्टरीवाला आहे. ड्यूटीवर जाताना पाय ओढत जाते, सुट्टी झाली की धावत येते." दादा बाबांच्या हाताखाली तयार झाला होता आणि फॅक्टरीत न जाता घरचंच काम बघायचा. पंपांचे शाफ्ट म्हणजे फिरते दांडे, ते ज्यात फिरतात ते पितळी बुश, गिरण्यांच्या पुल्या, असं काम शहरातून यायचं. नेपियर टाउनजवळ पंपदुरुस्तीचं दुकान असलेले साहू भैया आमचं मुख्य गिऱ्हाईक. ते स्कूटरच्या पायाशी लोखंड ठेवून यायचे आणि फाटकातूनच ओरडायचे, "बाबूजी, चाय चढ़वाओ, बीमार लाए हैं!" बीमार म्हणजे झिजलेला पंप.

वहिनी वरूडकडच्या. मॅट्रिकला गणितात गेल्या, त्यानंतर घरी बसल्या आणि मग आमच्याकडे आल्या, जिथे सासू नव्हती आणि घरभर तेलाचा वास होता. त्यांना स्वयंपाक बेताचाच येत होता. वरण छान करायच्या, रविवारी अंगणात गोवऱ्या पेटवून इथल्यासारखे कणकेचे गक्कड भाजायलाही शिकल्या, पण पोळी काही गोल होईना. दादा ताटातली पोळी उचलून उजेडात धरायचा आणि बाबांना विचारायचा, "बाबा, हे चकात लावून एक कट मारू का?" वहिनी लाटणं उगारायच्या. पण दुपारी चहा घेऊन शेडमध्ये आल्या की त्या कप देऊन लगेच परत जायच्या नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून, टूलच्या टोकावरून लोखंडाचा निळसर कीस सुटत असायचा त्याकडे बघत राहायच्या. एकदा त्यांनी धीर करून विचारलं, "मामाजी, मी एकदा फिरवून पाहू?"

बाबांनी मशीनवरची नजरसुद्धा काढली नाही. "बांगड्या घालून मशीनला हात नाही लावायचा," ते म्हणाले.

यात राग नव्हता, तो नियम होता. फॅक्टरीत फिरत्या चकात एका माणसाच्या हातातलं कडं अडकलेलं बाबांनी पाहिलं होतं, आणि तेव्हापासून आमच्या शेडमध्ये अंगठी, घड्याळ, गंडा, दोरा काहीही हातात चालत नसे. दारापाशी एक मोठा खिळा होता, आत शिरताना सगळं त्या खिळ्यावर. राखीपौर्णिमेला माझ्या चुलत बहिणीने बांधलेली राखी दादा आल्याआल्या खिळ्याला लावायचा, आणि ती दिवसभर तिथेच लटकलेली असायची. पण बांगड्या खिळ्यावर कशा लावणार? नवरा जिवंत असताना कोणती बाई रोज हात रिकामे करील? वहिनी रिकामा कप उचलून गेल्या. त्यांच्या हातातल्या बांगड्यांचा आवाज अंगण ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेला.

दादा काविळीने गेला. त्या आजारपणाबद्दल मी लिहिणार नाही. दहाव्या दिवशी आम्ही ग्वारीघाटावरून परत आलो तेव्हा वहिनींचे हात मोकळे होते. वाटेत ऑटोत त्या स्वतःचंच एक मनगट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून बसल्या होत्या, जणू तिथे काही दुखत होतं. मी तेव्हा अकरावीत होतो. समोर बसलो होतो. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी त्या मुठीकडे बघत राहिलो.

त्यानंतर घरात पहिल्यांदाच घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. बाबांना काचबिंदू होता. एक डोळा गेलेला, दुसऱ्याने जेमतेम दिसायचं. ते सकाळी आंघोळ करून शेडमध्ये जायचे, मशीन पुसायचे, कॅलिपर हातात घेऊन एखादं माप बघायचा प्रयत्न करायचे आणि मग स्टुलावर बसून राहायचे. साहू भैयांचं लोखंड कोपऱ्यात तसंच पडून होतं. ते येऊन बसायचे, पंपाचं नावही काढायचे नाहीत, आणि जाताना मला म्हणायचे, "पढ़ाई मत छोड़ना, छोटे." पण माझं शिक्षण सुटणार हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. आमचे एक नातेवाईक मला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे चिकटवायचं बोलून गेले होते, आणि वहिनींना त्यांच्या माहेरी पोचवायचंही.

एक दिवस दुपारी वहिनी चहा घेऊन शेडमध्ये आल्या. मी तिथेच पुस्तक उघडून बसलो होतो, वाचत नव्हतो. त्यांनी कप बाबांच्या हातात दिला नाही, मशीनच्या कडेवर ठेवला. मग त्या बाबांच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. त्यांना नीट दिसावं म्हणून जवळ, उजेडाकडे तोंड करून. आणि दोन्ही हात त्यांच्यापुढे पसरले.

"मामाजी," त्या म्हणाल्या, "आता तर बांगड्या नाहीत."

बाबांनी हात पुढे करून वहिनींची मनगटं चाचपली, डावं, मग उजवं, एखाद्या कांबेचा गोलवा बघावा तशी. मग त्यांनी चहा न पिताच तोंड पुसलं आणि म्हणाले, "डोक्याला कपडा बांध. केस मोकळे नको. आणि त्याचा जुना शर्ट घाल वरून, बाह्या कापून."

वहिनी मशीनच्या मानाने बुटक्या होत्या. बाबांनी मला सागवानाची एक जाड फळी आणायला लावली. त्या फळीवर उभ्या राहून, लुगड्यावर दादाचा शर्ट घालून, वहिनी शिकल्या. बाबा दाखवू शकत नव्हते, म्हणून ऐकवायचे. "काय म्हणून राहिली ती? ऐक. किंचाळून राहिली न? मग टूल खाली आहे तुझं." वहिनी टूल वर करायच्या. "आता?" "आता गुणगुणून राहिली, मामाजी." "मग तिला गुणगुणू दे. तू मधात बोलू नको." सुरुवातीला त्यांनी बरंच लोखंड वाया घालवलं. एकदा एक बुश इतका वाकडा निघाला की त्यांनीच तो उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हा तर माझ्या पोळीवर गेला," आणि हसता हसता फळीवरच खाली बसून रडायला लागल्या. दादा गेल्यानंतर त्या आमच्यासमोर रडल्या त्या तेव्हा एकदाच.

साहू भैया पहिल्या वेळी जरा चाचरले. "बाबूजी, भाभी जी काहे को... मतलब, मैं कहीं और से करवा लेता." बाबांनी नुसता तयार बुश त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पंपात बसवला, आठवडाभर थांबले, आणि नंतर स्कूटर फाटकाशी लावून ओरडले, "हओ, भाभी जी! बीमार लाए हैं!" टप्, टप् सुरू झालं. घड्याळ पुन्हा ऐकू येईनासं झालं.

माझं शिक्षण सुटलं नाही. मी बी.एस्सी.ला नाव घातलं. मशीनला मात्र मी हात लावायचा नाही असा वहिनींचा हुकूम होता. "भाऊजी, तुम्ही झाडू मारा, तेल घाला, पण हँडल नाही पकडायचं. एकदा हात बसला की पुस्तक सुटते." मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनी मला घड्याळ घेऊन दिलं होतं, ते दाखवून म्हणायच्या, "हे खिळ्यावर लावायची पाळी नाही आली पाहिजे." संध्याकाळी त्यांचं काम चालू असताना मी स्टुलावर बसून धडे मोठ्याने वाचायचो, कारण त्यांना ऐकायचं असायचं. पट्ट्याच्या आणि मोटरच्या वरून ऐकू जावं म्हणून ओरडावं लागे. आम्लं, अल्कली, लोखंड का गंजतं. मध्येच त्या मशीन थांबवून विचारायच्या, "म्हणजे तेल लावतो ते हवा लागू नये म्हणून? मग मामाजी तसं काहून नाही सांगत?" अंगणातल्या खाटेवरून बाबा म्हणायचे, "मला कुठं माहीत होतं!" शिक्षक झाल्यावर माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत कसा पोचतो याचं सहकाऱ्यांना नवल वाटायचं. मी त्यांना कारण सांगत नसे.

शेजारी देशकर काकू राहायच्या. तोंडाने फटकळ, पण दादाच्या आजारपणात त्यांनीच आमचा स्वयंपाक सांभाळला होता. गणपतीच्या दिवसांत मंडळात बायका काय बोलतात ते त्यांनीच येऊन बाबांच्या तोंडावर सांगितलं. "लोकं म्हणून राहिले, म्हाताऱ्यानं सुनेला खराद मशीनवर जुंपलं. तिशीची पोर आहे, भाऊसाहेब. उद्या तुम्ही जाल, हा शिकून जाईल. ती काय मशीनसोबत संसार करेल?" बाबांना ते फार लागलं. जेवताना त्यांचा हात मध्येच थांबायला लागला. पुढे काकूच स्थळ घेऊन आल्या. त्यांचे मावसभाऊ, वर्ध्याला रेल्वेत होते, बायको गेलेली, एक लहान मुलगी. माणूस सभ्य होता. मुलीला घेऊन आला, कमी बोलला. ती पोर, तिला बेबी म्हणायचे, वहिनींचं बोट धरून सगळं घर फिरली. शेडमध्ये तिने शेपर पाहिला आणि विचारलं, "हा झोका आहे का?"

ते लोक गेल्यावर बाबांनी वहिनींना समोर बसवलं. मी होतो. "कुसुम, तुझं काय म्हणणं आहे? तू नाही म्हटलं तर नाही."

वहिनी जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मशीन कोण चालवेल?"

बाबांचा चेहरा एकदम मऊ झाला. ते पुढे झुकले आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "वेडी. आमची काळजी करून राहिली. मशीनचं तू मनात नको आणू. विनू आहे, मी आहे. आम्ही उपाशी नाही राहत." वहिनींनी मान वर केली, बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. तो आम्ही होकार धरला.

लग्न आमच्याच घरी करायचं ठरलं. कन्यादान बाबा करणार होते. आदल्या दिवशी सकाळी हिरवा चुडा भरायचा होता, त्यासाठी काकूंनी चुडीवाल्या आपांना बोलावलं होतं. आपा अंगणात टोपली उघडून बसल्या, काकूंनी हळदीकुंकवाचं ताट आणलं, आणि वहिनी कुठे दिसेनात. त्या उजाडल्यापासून शेडमध्ये होत्या. साहू भैयांचा एक लांब शाफ्ट राहिला होता. जाड कट आदल्या दिवशी मारून झाले होते, शेवटचा हात तेवढा बाकी होता. मी बोलवायला गेलो. वहिनींनी मान न वळवता एक बोट वर केलं. थांबा.

लेथवर शेवटचा हात एकदा सुरू केला की मध्ये मशीन बंद करत नाहीत. केलं तर टूल जिथे थांबतं तिथे कांबेवर बारीक रेघ उठते, आणि मग ती अंगभर गुळगुळीत असली तरी बोटाला ती रेघ लागतेच. मी बाहेर येऊन सांगितलं. आपा म्हणाल्या, "करने दो बहू को. मैं कौन सा घोड़े पे बैठ के आई हूँ." त्यांनी पानाची डबी काढली. आम्ही सगळे बसलो. टप्... टप्... टप्. पट्टा नेहमीपेक्षा सावकाश फिरत होता. ऊन तुळशीच्या कट्ट्यावरून उतरून अंगणाच्या मध्यावर आलं. काकूंनी ताटातलं कुंकू झाकून ठेवलं.

बाबा खाटेवर होते. त्यांनी मान तिरपी केली आणि मला म्हणाले, "विनू, जाऊन पाहा, गिअर कोणता लावला आहे."

हे गिअर बदलले की टूल किती झपाट्याने पुढे सरकेल ते ठरतं. मी जाऊन पाहून आलो. "सगळ्यांत बारीक."

"पंपाच्या शाफ्टला?"

"हो."

एवढा सावकाश गिअर पंपाच्या शाफ्टला कुणी लावत नाही. काकूंनी वैतागून म्हटलं, "अहो भाऊसाहेब, बारा वाजून राहिले. बंद करायला सांगा न ती मशीन, संध्याकाळी करेल."

"बंद नाही करायची."

"मग किती वेळ लागते अजून?"

"लागेल तेवढा," बाबा म्हणाले. इतक्या जोराने त्यांना बोलताना काकूंनी कधी ऐकलं नसावं. मग त्यांनी मला जवळ ओढलं आणि कानाशी म्हणाले, "मी तिला विचारलं होतं न रे? ती म्हणाली, मशीन कोण चालवेल. मला वाटलं, आपली काळजी करून राहिली." त्यांनी शेडकडे तोंड वळवलं. "आपली नव्हती रे."

त्या दिवसांत रांझीत सकाळी वीज जाणं नेहमीचं होतं. त्या दिवशी ती गेली नाही. मी दारातून वहिनींकडे पाहत होतो. फळीवर उभ्या, एका हातात साबणाच्या पाण्याचा कुंचला, तो थेंब थेंब टूलवर सोडत होत्या. कीस निघत होता तो केसासारखा. टूल सरकतं आहे हे डोळ्यांना कळत नव्हतं; मधूनच पाहिलं तर थोडी जास्त चकाकी दिसायची, एवढंच. वहिनींच्या चेहऱ्यावर दुःख वगैरे नव्हतं. त्या फक्त बघत होत्या, चौकटीला टेकून पूर्वी बघायच्या तशाच.

शेवटी आवाज बदलला, टूल कांबेच्या टोकावरून बाहेर पडलं. त्यांनी दांडा ओढला, पट्टा हळूहळू थांबला. बाबा भिंत चाचपत आत गेले. मी मागे होतो.

"कुसुम," बाबा म्हणाले, "मी उलटं समजलो. नको असेल तर आत्ता सांग. मी देशकरबाईंचे पाय धरीन."

वहिनी शाफ्ट फडक्याने पुसत होत्या. "नको असं नाही, मामाजी," त्या म्हणाल्या. "ती पोर त्या दिवशी माझं बोट सोडत नव्हती. तिला मी येते म्हटलं आहे."

"आणि मशीन?"

"तिकडं कोण करू देईल?" मग त्या थोडं हसल्या. "आणि न्यायची म्हटली तर पुन्हा भिंत पाडावी लागेल." आईचं ते वाक्य त्यांनी आमच्याकडूनच ऐकलं होतं. आम्ही दोघंही हसलो नाही.

त्यांनी दादाचा शर्ट काढून घडी घालून मशीनवर ठेवला. रॉकेलने हात धुतले, मग साबणाने, आणि आपांसमोर येऊन बसल्या. बांगड्या चढेनात. आपांनी हात दाबला, चोळला, साबणाचा फेस लावला. पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडाशी फुटली, दुसरीही फुटली. "हाय अल्ला, बहू के हाथ तो आदमियों जैसे हो गए," आपा म्हणाल्या आणि टोपलीच्या तळातून मोठ्या मापाच्या काढल्या. त्याही कशाबशा गेल्या. हिरव्या काचेखाली तळव्याच्या रेषा काळ्याच राहिल्या.

निघताना वहिनी बाबांच्या पाया पडल्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, आता हँडल पकडायची परवानगी आहे. पण आधी घड्याळ खिळ्यावर. आणि डिग्री मिळाली की कळवा." बाबांनी तो शाफ्ट साहू भैयांना दिला नाही. त्यावरून त्यांनी एकदा बोटं फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही न अडखळता, आणि तेल लावून फडक्यात गुंडाळायला सांगितलं. भैयांसाठी दुसरा मी केला, माझं पहिलं काम. ते म्हणाले, "छोटे, ये भाभी वाला नहीं है." नव्हताच. बाबांच्या कानांच्या भरवशावर मी सकाळी मशीन आणि दुपारी कॉलेज असं करून पदवी पुरी केली. ती बघायला बाबा होते, म्हणजे हातात धरायला होते.

वहिनींना मी कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. पहिल्या घरची पत्रं त्यांच्या नव्या सासूबाईंना आवडत नाहीत असं काकूंकडून कळलं, म्हणून पुन्हा लिहिलं नाही. आमच्याकडे पुन्हा लग्न झालेली बाई पहिल्या घराची पायरी चढत नाही, आणि त्याला कुणी काही म्हणतही नाही. पुढे एकदाच आमची भेट झाली, नागपूरला एका लग्नात. मोठी झालेली बेबी त्यांच्या शेजारी होती, आईला चिकटून. हातभर बांगड्या होत्या. त्या सुखात दिसल्या, आणि मला वाटतं त्या खरोखर होत्याही. गर्दीत त्यांनी मला एवढंच विचारलं, "पट्टा बदलला का?" मी हो म्हणालो, तेवढ्यात पंगतीला बोलावणं आलं.

नोकरीच्या निमित्ताने मी मंडला, नरसिंगपूर असा हिंडलो, आणि निवृत्त होऊन पुन्हा याच घरात आलो. लेथ इथेच आहे. भंगारवाले अधूनमधून विचारतात, मी भिंतीकडे बोट दाखवतो. गेल्या उन्हाळ्यात बेबीचा फोन आला. तिचे वडील गेले होते. "आई ठीक आहे, काका," ती म्हणाली, "पण नुसती हातांकडे बघत बसते." त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र लिहायला बसलो. मायन्यात सवयीने 'सौ.' लिहिलं गेलं. तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. उत्तर अजून आलेलं नाही. पत्र असं होतं:

तीर्थरूप वहिनींस,

विनायकचा साष्टांग नमस्कार.

बेबीने फोनवर सांगितलं. त्यावर काय लिहावं ते मला सुचत नाही, म्हणून इथलं लिहितो.

नागपूरला तुम्ही पट्ट्याचं विचारलं होतं. तेव्हा नीट सांगता आलं नाही. पट्टा बदलला, आता रबरी आहे, टप् आवाज येत नाही. त्यामुळे शेडमध्ये चुकल्यासारखं होतं. बाकी मशीन चांगलं आहे. तुमचा शाफ्ट बाबांनी दिला नव्हता, हे तुम्हाला ठाऊक नसेल. तो इथेच आहे. दर खंडेनवमीला फडकं सोडतो, मशीनपुढे ठेवतो, कुंकू लावतो आणि तेल लावून पुन्हा गुंडाळतो. अजून कुठे गंज नाही. हवा लागू दिली नाही.

तुमची फळी तिथेच आहे. तिच्यावर उभं राहिलं की माझं डोकं दिव्याला लागतं, तरी काढली नाही. खिळ्यावर माझं घड्याळ असतं, तुम्ही दिलेलं. चालत नाही, पण आत जाताना लावतो.

डिग्री मिळाली की कळवा म्हणाला होतात. कार्ड टाकलं होतं, पोचलं की नाही माहीत नाही, म्हणून पुन्हा कळवतो. बी.एस्सी. झालो, वहिनी. दुसऱ्या वर्गात.

आता तुम्ही इथे येण्याला कुणाची हरकत असेल असं मला वाटत नाही. बेबी आणून सोडते म्हणाली. नाहीतर मी घ्यायला येतो. एक कांब चकात लावून ठेवली आहे. जाड कट मी मारले, शेवटचा हात ठेवला आहे. गिअर तुम्ही लावा, वाटेल तेवढा बारीक. अंगणात कुणी खोळंबलेलं नाही.

आणि या वेळी दोन्ही हात पुढे करून कुणाला काही सांगावं लागणार नाही. तुम्ही नुसत्या या.

तुमचा,
विनायक